केनवडचं घर, मे महिन्यात

केनवडला मी आजवर नऊ-दहा वेळा तरी गेलो असेन. दिवाळीत गेलो, लग्नकार्यांना गेलो, सासरे वारले तेव्हा पौषातल्या थंडीत गेलो. मे महिन्यात मात्र एकदाही गेलो नव्हतो. मे महिना माझ्या बायकोचा असायचा. शाळेला सुट्टी लागली की शालू दोन्ही मुलांना घेऊन वाशीम जिल्ह्यातल्या या आपल्या माहेरी निघायची. मी पुण्यात राहून उत्तरपत्रिका तपासायचो.

माझा विषय म्हणजे इमारतीत माणसाला बरं कधी वाटतं, हा. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना एकतीस वर्षं तो शिकवला. पहिल्याच तासाला मी फळ्यावर सहा शब्द लिहायचो : हवेचं तापमान, भिंती आणि छताची धग, दमटपणा, वारा, अंगावरचे कपडे आणि हातातलं काम. माणूस 'हुश्श' म्हणतो किंवा 'बरं वाटलं' म्हणतो, ते या सहांच्या जोरावर, असं सांगायचो. पुढे पुस्तकांनी सवयीलाही जागा दिली, तर मीही सातवा शब्द लिहू लागलो.

आणि माझ्या घरात एक बाई अशी होती, जिला तीस वर्षांत पुण्यातला उन्हाळा एकदाही बरा वाटला नाही. वऱ्हाडातल्या माणसाला पुण्याचा उन्हाळा तो काय, असं सगळे तिला चिडवायचे. ती गॅलरीच्या दारात फरशीवर आडवी व्हायची आणि म्हणायची, "मले इथं झोपच येत नाई दुपारची." एकदा मी उपकरण आणून तिच्या उशाशी ठेवलं, आकडे पाहिले आणि सांगितलं, "सगळं बरोबर आहे. तू आरामाच्या पट्ट्यात आहेस."

"मंग मले काहून नाई वाटत?" ती म्हणाली.

मी हसलो होतो.

शालू जाऊन दोन वर्षं झाली. या वैशाखात तिच्या धाकट्या भावाचा, प्रल्हादचा फोन आला. त्याची मुलगी अश्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला मुलगी झाली होती. "भाऊजी, बारशाले या. ताई असती तं आठ दिवस आधी आली असती," तो म्हणाला. मी लगेच हो म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मे महिना आहे.

पोचलो ती दुपार

रिसोडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा साडेबारा वाजले होते. बाजारात सोयाबीनची पोती रचलेली होती आणि त्यांच्या सावलीत हमाल डोक्यावर ओला दुपट्टा टाकून झोपले होते. पुढची जीप मिळाली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पदराच्या टोकात कांदा बांधला होता. मी पाहतोय हे बघून त्या म्हणाल्या, "तुमच्यापाशी नाई कांदा? खिशात ठेवत जा जी. ऊन बाधत नाई." आणि पिशवीतून एक कांदा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी तो शहाण्यासारखा खिशात टाकला.

दोन्ही बाजूंना शेतं नांगरून पडली होती. काळी ढेकळं, मध्ये एखादं पळसाचं झाड, आणि जमिनीवर थरथरणारी हवा. हिवाळ्यात याच रस्त्यानं जाताना मला तुरीची पिवळी फुलं दिसायची, हरभऱ्याचा हिरवा पट्टा दिसायचा. शालू मला सांगायची, उन्हाळ्यात आमचं शिवार पाहा, काही नसतं आणि तरी बरं वाटतं. काही नसतं, एवढं तर मला दिसलं.

प्रल्हादच्या घराचं दार सताड उघडं होतं. मी हाक मारली. आत कुणी नव्हतं. बैठकीत पलंग, स्वयंपाकघरात झाकलेली भांडी, पंखा गरगर फिरत होता आणि घरात एक माणूस नव्हता. मी पलंगावर टेकलो. मिनिटभरात पाठीला घाम फुटला. पंख्याचा वारा भाजक्या कढईवरून आल्यासारखा अंगावर येत होता. हात वर केला तर तळव्याला छताची धग जाणवली.

"भाऊजी! तेथी कायले बसले?" मागच्या दारातून प्रल्हादचा आवाज आला. "निंघा बाहेर, निंघा. तवा झाला हाय घराचा."

तो मला हाताला धरून मागे घेऊन गेला. मागे गुरांचा गोठा होता. तुराट्यांचे कूड, त्यांवर आतून-बाहेरून मातीचं लिंपण, वर गवताचं जाड छप्पर. बैल बाहेर झाडाखाली बांधलेले. गोठ्याचा अर्धा भाग शेणानं सारवून स्वच्छ केलेला होता आणि तिथं घर मांडलेलं होतं. माठ, पाट, चटया, रेडिओ. प्रल्हादची बायको शोभा तिथं तांदूळ निवडत होती.

"या भाऊजी," ती उठत म्हणाली. तिनं आधी गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मे महिन्यात या दारातून जी आत यायची, ती मागून येत नव्हती. तिनं पन्ह्यासाठी उकडलेली कैरी कुस्करायला घेतली.

जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वांग्याचं भरीत होतं. जेवताना मी विचारलं, "अश्विनी कुठं आहे?"

"अंदरच्या खोलीत," शोभा म्हणाली. "बाळंतीन हाय ना. तिले वारं लागू देता येत नाई."

अंदरची खोली म्हणजे घराच्या नैर्ऋत्येची खोली. ते मला विचारावं लागलं नाही. घराचा नकाशा मीच काढला होता.

नकाशाची गोष्ट

ती इथंच सांगून टाकतो.

सोळा वर्षांपूर्वी या जागी धाब्याचं घर होतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडाचे सरे आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. ते गळायचं. सासऱ्यांनी पक्कं घर बांधायचं ठरवलं आणि जावई पुण्यात शिकवतो, तर नकाशा त्यानंच काढावा, असा निरोप आला. मी तेव्हा कुठल्याशा स्पर्धेच्या कामात बुडालो होतो. एका रविवारी बसलो, पुण्याच्या एका वसाहतीसाठी केलेला आराखडा पुढ्यात घेतला, मापं थोडी बदलली आणि संध्याकाळपर्यंत काम संपवलं.

शालू चहा घेऊन मागे उभी होती. "एकदा मे महिन्यात येऊन पाहा, मंग काढा," ती म्हणाली.

"सूर्य सगळीकडे पूर्वेलाच उगवतो," मी म्हणालो.

निजायची खोली पश्चिमेला आली. तिला मोठी खिडकी, वर छज्जा नाही. छत काँक्रीटचं, उघडं. खर्च वाचावा म्हणून उंची कमी. वारा आत यायला दार होतं, बाहेर जायला समोर काहीच नव्हतं. हे सगळं चुकीचं आहे हे मी दर सोमवारी वर्गात शिकवत होतो.

मोजमाप

दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून उपकरणं काढली. हवेचा तापमापक, वारा मोजायची चक्री, आणि माझा जुना काळा चेंडू. टेबल टेनिसचा चेंडू काळा रंगवून त्यात तापमापकाची तार खुपसलेली असते. भिंती आणि छत किती धग फेकतात, ते तो सांगतो.

"हे काय, डांबराचं अंडं?" प्रल्हादनं विचारलं.

दुपारी तीनला बैठकीत हवा एकेचाळीस अंश होती आणि चेंडू सेहेचाळीस दाखवत होता. तीच उपकरणं गोठ्यात नेली. तिथं हवा एकोणचाळीस आणि चेंडूही एकोणचाळीस. म्हणजे गोठ्यातली हवा फार थंड नव्हतीच. पण गोठ्याची भिंत तुमच्यावर काही फेकत नव्हती. शिवाय कुडाच्या फटींतून आणि छपराखालच्या मोकळ्या पट्टीतून एक बारीक वारा सतत वाहत होता, आणि माठाच्या ओल्या फडक्यावरून येताना त्याला थोडा गारवा लागत होता.

ही मोजमापं चालू असताना माझीच फजिती झाली. पश्चिमेच्या भिंतीचं माप घ्यायला उन्हात उभा राहिलो. अंगात पॉलिस्टरचा शर्ट, पायांत बूट. दहा मिनिटांनी डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी भिंतीला धरून खाली बसलो. खिशात कांदा होता. प्रल्हादनं मला गोठ्यात आणलं, शोभानं डोक्यावर पाणी थापलं, मीठ घातलेलं पन्हं पाजलं.

"असे कपडे घालून कोनी उन्हात जाते काय बाप्पा?" ती रागावली. प्रल्हादनं त्याची सुती बंडी आणि धोतर दिलं. पुढचे सगळे दिवस मी त्याच वेशात होतो. पाचवा शब्द मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिला, तो अंगावर पहिल्यांदा घातला.

चटईवर पडल्या पडल्या मी शोभाला विचारलं, "हे घर असं तापतं, हे मला कुणी कधी सांगितलं का नाही?"

ती सुपातले खडे वेचत राहिली. मी पुन्हा विचारलं.

"ताईनं आन घातली होती आमाले," ती म्हणाली. "घर झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात आल्या त्या. एक रात काढली अंदर. दुसऱ्या दिवशी मले म्हनल्या, शोभा, त्याईच्या समोर घराचं कोनी काई बोलाचं नाई. त्याईनं मनापासून केलं हाय. तुमी दिवाळीत याचे, तवा थंडी राहे. तुमाले चांगलं लागे. आमी बी म्हनो, चांगलंच हाय."

"मनापासून केलं हाय" हे शब्द मला लागले. मी एका रविवारी, दुसरंच काम डोक्यात ठेवून ते केलं होतं, आणि शालूनं ते पाहिलं होतं.

"मग ती कुठं झोपायची?"

"इथंच. गोठ्यात. तुमी झोपले ना आता, त्या दाराच्या अंगाले." शोभानं हातानं दाखवलं. "मुलाईले मधात घे आन् स्वतः दारापाशी. म्हने, हा वारा मले तिकडं सापडत नाई."

मी कूस बदलून दाराकडे तोंड केलं. वारा येत होता. त्यात शेणाचा, कडब्याचा आणि ओल्या मातीचा वास होता. पुण्यात मी तिच्या उशाशी उपकरण ठेवलं होतं, त्यात यातलं काही येत नव्हतं. चौदा उन्हाळे ती इथं झोपली. मी एकदा आलो असतो तर शेजारी झोपलो असतो, एवढंच मला वाटत राहिलं.

तरी एक सांगायला हवं. मी भावनेच्या भरात शोभाला म्हणालो, जुनं धाब्याचं घरच बरं होतं. ती फटकन म्हणाली, "तुमाले काय होते म्हनाले. पावसाळ्यात रातभर गंजं मांडत बसो मी, इथं गळे, तिथं गळे. दर साली माती टाकाले धाब्यावर कोन चढे? मीच चढो. मले नाई पायजे ते घर. मले हेच पायजे, पन थंड पायजे."

माझ्या विषयाची इतकी नेमकी मागणी कुठल्याही विद्यार्थ्यानं केली नव्हती.

बारशाच्या आदल्या दिवशी

तिसऱ्या दिवशी दुपारी अश्विनीचा घाबरा आवाज आला. "आई, पोरगी दूध नाई पिऊन राह्यली!"

आम्ही आत धावलो. या खेपेला मी त्या खोलीत पहिल्यांदाच जात होतो. खिडकी बंद, तिच्यावर जाड गोधडी लटकवलेली. दार लोटलेलं. पंखा बंद. अश्विनीच्या डोक्याला, कानांना फडकं गुंडाळलेलं. बाळ टोपडं, झबलं, दुपटं आणि वरून लोकरीची शाल अशा गुंडाळीत होतं. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं आणि ते रडतही नव्हतं, नुसतं कण्हत होतं. शोभानं गालाला हात लावला आणि तिचा हात मागे आला.

"अंग तापलं हो!"

चेंडू माझ्या हातातच होता. तो नुसता धरला तरी आकडा चढत गेला. पश्चिमेची भिंत आणि छत मिळून त्या अकरा दिवसांच्या जिवाला भाजत होते, आणि वरून आम्ही त्याला लोकरीत गुंडाळलं होतं.

"प्रल्हाद, नर्सबाईंना फोन कर," मी म्हणालो. "आणि वहिनी, हिला आत्ताच्या आत्ता गोठ्यात घेऊन चला. शाल काढा."

शोभा दारात आडवी उभी राहिली. "बाळंतिनीले गोठ्यात? वारं लागन भाऊजी. सव्वा महिना बी नाई झाला. लोक काय म्हनतीन?"

"वहिनी, ही खोली मी काढली आहे," मी म्हणालो. "ही खोलीच वाईट आहे. बाळाला वाऱ्यानं काही झालं नाही, या छतानं झालं आहे. चूक माझी आहे. मला बोला, पण तिला बाहेर काढा."

सोळा वर्षांत या घराबद्दल खरं असं हे पहिलंच वाक्य त्या घरात बोललं गेलं असावं. शोभा बाजूला झाली आणि स्वतःच पुढे होऊन तिनं बाळ उचललं.

गोठ्यात आम्ही चटईवर सुती साडीची घडी घातली. टोपडं, शाल, दुपटं सगळं काढलं. अश्विनीनं डोक्याचं फडकं सोडलं, तिच्या केसांतून घाम ठिबकत होता. माश्या बसू नयेत म्हणून प्रल्हादनं एक पातळ लुगडं आडवं बांधलं. वारा थेट अंगावर येणार नाही, एवढं ते अडवत होतं. अश्विनीनं बाळाला छातीशी घेतलं. ते प्यायलं नाही. पुन्हा घेतलं. शोभा पुटपुटत देवीचं नाव घेत होती.

उपकेंद्राच्या नर्सबाई स्कूटीवरून आल्या. त्यांनी तापमापक लावला आणि म्हणाल्या, "ताप हाय. आधी पाजा, तसंच उघडं ठेवा. गाडी सांगून ठेवा, रिसोडले दाखवाच लागते. एवढ्या लहान लेकराचा ताप घरी ठेवाचा नाई."

जीप यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात बाळानं दोन-तीनदा ओठ हलवले, आणि मग एकदम जोर लावून ते प्यायला लागलं. अश्विनी रडायलाच लागली. नर्सबाईंनी पुन्हा पाहिलं, ताप उतरत होता. तरी त्यांनी गाडीत बसवलंच. रिसोडच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त पाहिलं, आणि आणखी काही नाही, उष्णतेनं झालं, असं सांगून दिवे लागायच्या सुमाराला घरी सोडलं.

परतल्यावर बाळंतिणीची खाट कुठं घालायची, हे कुणी विचारलं नाही. ती गोठ्यात घातली गेली. दुसऱ्या दिवशी बारसंही तिथंच झालं. बाया कूड धरून दाटीवाटीनं बसल्या, एकदोघींनी "गोठ्यात काहून?" म्हणून विचारलं, तर शोभानंच उत्तर दिलं, "थंड हाय म्हनून." नाव ठेवलं आराध्या. गल्लीत त्या नावाच्या आधीच तीन मुली होत्या.

घुगऱ्या वाटताना अश्विनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामाजी, आत्याबाई असत्या तं त्याईनं मले पहिल्याच दिवशी इथं आनलं असतं."

मी मान हलवली. बाळाला गोठ्यात नेतानाच हे माझ्याही मनात आलं होतं.

गच्चीवर

परतीचं आरक्षण बारशाच्या दुसऱ्या दिवसाचं होतं. ते मी जाऊ दिलं.

गावातला एक गवंडी बोलावला. बैठकीच्या दारासमोरच्या भिंतीत त्याच्याकडून खिडकी फोडून घेतली, आणि छताला लागून दोन झरोके. पश्चिमेच्या खिडकीबाहेर बांबूची तट्टी टांगली. छताला मी आणि प्रल्हादनं पहाटे उठून चुना दिला. चुन्यात डिंक कालवून, केरसुणीनं तीन हात. चुन्यावर हातभर उंचीचे बांबू उभे करून त्यांवर तुराट्यांचा मांडव घालायचा होता, म्हणजे ऊन आधी तुराट्यांवर पडेल आणि मधल्या जागेतून वारा वाहील.

"वादळात उडून जाईन भाऊजी," प्रल्हाद म्हणाला.

"तारेनं बांधू. मृगाच्या आधी तू काढून ठेव. दर वर्षी घालावा लागेल."

"घालू ना. मातीपेक्षा सोपं हाय."

खरी अडचण शोभाची होती. ती जिन्यावर उभी राहून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग माह्या कुरडया कुठी वाळू घालू? ह्या स्लॅबवर एका दिवसात वाळतेत. घराची तेवढीच एक गोष्ट चांगली होती." माझ्या नकाशाचं हे एकमेव कौतुक मी ऐकलं आणि पूर्वेचा एक कोपरा तिच्या कुरडयांसाठी उघडा सोडला.

चुन्याची बादली टेकवून मी पाठ सरळ केली, तेव्हा सूर्य नुकता वर आला होता. गच्चीवरून गाव दिसत होतं. टिनाची छपरं, कौलं, मंदिराचा कळस. आणि त्यांत, आमच्यापासून चार घरं सोडून, एक छत ओळखीचं वाटलं. जिन्यावर आमच्यासारखंच छोटं, तिरकं छप्पर. पश्चिमेला तशीच मोठी, उघडी खिडकी. मी पुढे पाहिलं. पिंपळाजवळ आणखी एक. शाळेच्या वाटेवर दोन.

"प्रल्हाद, ती घरं कोणाची?"

"तुमचाच नकाशा हाय तो," तो अभिमानानं म्हणाला. "बाबा दाखवत ना सगळ्याईले, पुन्याच्या जवायानं काढला म्हनून. मागून नेला लोकाईनं. झेरॉक्स काढले. एक तं पार तिकडं पोहरादेवीच्या रस्त्यानं बांधलं हाय एकानं, पाव्हना होता तो इथं कोनाचा."

मी खाली बसलो. पायाखालचा चुना ओला होता, धोतराला लागला. आमच्या एका घरातल्या माणसांनी शालूच्या शब्दासाठी सोळा वर्षं सोसलं होतं. त्या घरांतल्या लोकांनी कुणाच्या शब्दासाठी सोसलं? त्यांच्याकडे गोठा होता का, आणि बाळंतिणीची खोली कुठं होती?

दुपारी मांडव झाल्यावर मी बैठकीत चेंडू टांगला. चाळीस अंश. पुस्तकाप्रमाणे हा आकडाही आरामाचा नव्हे. पण सेहेचाळीसवरून तो खाली आला होता आणि नव्या खिडकीतून वारा पलंगावरून सरळ जात होता. शोभा निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन आली, थोडा वेळ उभी राहिली, मग फरशीवर पदर पसरून आडवी झाली. पाच मिनिटांत तिला झोप लागली. मी पंखा बंद केला तरी ती जागी झाली नाही.

हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. फोन हातात घेतला. ज्या नंबरवर सांगायचं होतं तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी तो काढून पाहिला आणि फोन पुन्हा बंडीच्या खिशात ठेवला.

पिंपळाजवळचं घर

संध्याकाळी उतरत्या उन्हात टेप आणि वही घेऊन मी पिंपळाजवळच्या घरी गेलो. प्रल्हाद सोबत येणार होता, मीच नको म्हणालो.

घरात सून चूल पेटवत होती. ओट्यावर एक म्हातारी बसली होती, दोन्ही पाय लांब करून, ओला पंचा डोक्यावर. आत कुणी बसत नसावं, हे ओट्यावरच्या अंथरुणांवरून कळत होतं.

"कोन हाय?" म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला. "कोनाचे तुमी?"

पुण्यात मला असं कुणी विचारत नाही. तिथं मी नाव सांगतो, हुद्दा सांगतो. इथं तोंडात आलं ते असं : "शालूचा नवरा. प्रल्हादच्या बहिणीचा."

"शालूचा?" तिचा चेहरा उघडला. "बसा ना जी, बसा. सूनबाई, पानी आन. शालूचा मालक आला हाय. पोरगी म्हनजे अशी, उन्हाळ्यात आली की पहिले माह्या ओट्यावर. आंब्याचं लोनचं तिले माह्याच हातचं लागे." ती माझ्या पाठीमागे रस्त्यावर पाहू लागली. "ती नाई आली?"

सून पाणी घेऊन आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं; तिला ठाऊक होतं, म्हातारीच्या ध्यानात राहत नसावं. ती सासूच्या कानाशी वाकायला लागली, तर मी हातानं तिला थांबवलं.

"नाही," मी म्हणालो.

"काहून?"

उत्तर म्हातारीनंच देऊन टाकलं. "संसार हाय तिले बी. सवड नाई होत." मग तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "पुढच्या उन्हाळ्यात धाडा तिले. दोन दिवस तरी धाडा. म्हना, बुढी वाट पाहून राह्यली."

"हो," मी म्हणालो. "सांगतो."

पाणी प्यालो. पेला सुनेच्या हातात दिला आणि विचारलं, तुमच्या निजायच्या खोलीची पश्चिमेची भिंत पाहू का? ती पुढे झाली. मी उठलो, दारातून आत गेलो आणि त्या तापलेल्या भिंतीवर हात ठेवला.